टपालाची चाळणी : गोल्डएडच्या निमित्ताने

संगणकावर येणाऱ्या टपालातून नको ते वगळणारी साधने आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये असतात. ती काय वगळतात आणि का वगळतात, हे उघडून पाहण्याची सोय मात्र त्यांत जवळजवळ नसते. वर्गात दाखवायचे तर ज्याचे झाकण काढता येईल असे साधन हवे. या हेतूने आम्ही गोल्डएड या जुन्या आज्ञावलीचे परीक्षण करायचे ठरवले. डेन्मार्कच्या ओडिन सोरेन्सन यांनी ती १९९०च्या दशकात विकसित केली. पुढे तिची मूळ संहिता सर्वांसाठी खुली झाली आणि गोल्डएड प्लस या नावाने इतरांनी ती चालू ठेवली. डॉससाठी लिहिलेली ही आज्ञावली आजच्या संगणकावरही डॉसबॉक्सच्या मदतीने चालते. आम्ही ती तशीच चालवून पाहिली.

ती ज्या टपालासाठी होती ते आजच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले नसणार, म्हणून थोडे त्याविषयी. एक संगणक, एक मॉडेम आणि एक दूरध्वनी एवढ्यावर एखादा हौशी माणूस आपल्या घरात ‘बुलेटिन बोर्ड’, म्हणजे संगणकीय सूचनाफलक, चालवत असे. इतरांनी आपापल्या मॉडेमवरून त्या क्रमांकाला फोन लावायचा, पत्रे वाचायची, लिहायची आणि फोन ठेवायचा. बहुतेक ठिकाणी दूरध्वनी एकच असल्याने एका वेळी एकाचाच नंबर लागे. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी असे फलक एकमेकांना जोडणारी फिडोनेट ही व्यवस्था सुरू केली. दिवसभर साठलेली पत्रे रात्री, फोनचे दर उतरल्यावर, एका फलकाचा संगणक दुसऱ्याला फोन लावून देत असे. दौंड जंक्शनवर जशी मनमाडकडची वाट वेगळी आणि सोलापूरकडची वेगळी होते, तशी मधल्या मोठ्या फलकांवर पत्रांच्या गठ्ठ्यांची फोड होऊन ते पुढे जात. काही काळाने जेफ रश यांनी यात ‘एकोमेल’ची भर घातली. एका विषयावर एका फलकावर लिहिलेले पत्र तो विषय घेणाऱ्या प्रत्येक फलकावर प्रतिध्वनीसारखे उमटू लागले. चाळणीची गरज पडली ती इथपासून.

आपल्याकडे मुंबईत लाइव्ह वायर, बंगळुरात अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स असे फलक होते. १९९४च्या सुमारास दूरसंचार खात्याने अशा फलकांवर लाखो रुपयांचे परवाना शुल्क लावायचे ठरवले, तेव्हा हौशी मंडळींनी विरोधही केला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि फलकांचे दिवस भरत आले.

आता परीक्षणाकडे वळू. गोल्डएडमधील चाळणीचे नाव ‘ट्विट’. या शब्दाचा पक्ष्याच्या किलबिलाटाशी किंवा त्यावरून निघालेल्या अलीकडच्या ट्विटशी संबंध नाही. इंग्रजी बोलीत ट्विट म्हणजे मूर्ख, डोके उठवणारा माणूस. साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये वापरणाऱ्याने तीन प्रकारच्या ओळी लिहायच्या. पहिलीत नकोशा माणसाचे नाव, दुसरीत नकोसा विषय आणि तिसरीत अशा पत्राचे काय करायचे याची आज्ञा. आज्ञेचे पर्याय पाच आहेत : शो, ब्लँक, स्किप, इग्नोर आणि किल. ‘शो’ म्हणजे पत्र नेहमीसारखे दाखवा. ‘ब्लँक’ म्हणजे पत्र आले आहे हे दाखवा, मजकूर झाका. ‘स्किप’ म्हणजे ओलांडून पुढे जा, मात्र पत्र माझ्याच नावे असेल तर दाखवा. ‘इग्नोर’ म्हणजे माझ्या नावे असले तरी ओलांडा. ‘किल’ म्हणजे पुसून टाका.

हे पाच पर्याय हाच या साधनाचा सर्वांत मोठा गुण आहे असे आमचे मत आहे. पुष्कळ साधने पत्र ‘हवे’ आणि ‘नको’ अशा दोनच टोपल्यांत टाकतात. सोरेन्सन यांनी ओळखले की नको असण्याचेही प्रकार असतात. घरात धान्य निवडणारी बाई कोंडा फुंकून उडवते, पण खडे वेगळे काढून ठेवते आणि फुटका दाणा कोंबड्यांना बाजूला सारते. तिच्या सुपात एकच ‘नको’ नसते. स्किप आणि इग्नोर यांतील फरक तर बारकाईने विचार करून ठेवलेला आहे. चारचौघांत बडबडणाऱ्याकडे लक्ष न देणे वेगळे आणि त्याने आपल्याला नावाने हाक मारल्यावरही मान न वळवणे वेगळे. दुसऱ्या वर्तनाचीही कधी गरज पडते हे आम्हाला मान्य आहे. पण ते निवडताना वेगळा शब्द लिहावा लागतो, हे चांगले आहे.

‘किल’विषयी मात्र आमचे मत प्रतिकूल आहे. चाळणीचा नियम बरोबर आहे की चुकीचा हे चाळणीवर जे राहिले ते पाहून कळत नाही, खाली जे पडले ते पाहूनच कळते. प्रयोगशाळेत गाळण केल्यावर गाळलेले द्रव आणि गाळणकागदावरचा साका, दोन्ही ठेवायला आपण मुलांना सांगतो, ते याचसाठी. ‘किल’ लावले की साका मोरीत जातो. वापरणारा महिनोन्महिने खूश असतो, कारण आपले काय हरवले ते त्याला कधी समजतच नाही.

चाळणी काय पकडते आणि काय सोडते ते पाहण्यासाठी फार दूर जायला नको. शिरूर आणि दौंड ही दोन नावेच घ्या. समजा, एखाद्या शिक्षकाने नियम लिहिला की विषयात शिरूर किंवा दौंड असेल ते पत्र वेगळे काढावे. (गाळणे आणि वेचणे यांचे तंत्र एकच, आज्ञा फक्त उलटी.) त्या काळी हे टपाल बहुधा रोमन लिपीत, म्हणून त्याने नावे आजच्या प्रचलित रोमन स्पेलिंगने लिहिली. पण इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये शिरूरचे स्पेलिंग ‘एस-आय-आर-यू-आर’ आहे, त्यात ‘एच’ नाही. दौंड तर कितीतरी काळ ‘डी-एच-ओ-एन-डी’ म्हणजे ‘धोंड’ असे लिहिले जाई. १८७८ साली सुरू झालेल्या लोहमार्गाचे नावच धोंड-मनमाड स्टेट रेल्वे होते. या जुन्या स्पेलिंगने लिहिणाऱ्या माणसाचे पत्र नियमातून निसटणार.

बरे, शिक्षकाने हुशारीने ‘धोंड’ हेही स्पेलिंग नियमात घातले तर काय होईल? पुष्कळ चाळण्या शब्दाचा तुकडाही शब्द म्हणून पकडतात. मग महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरचे प्रत्येक पत्र दौंडच्या टोपलीत येऊन पडेल. रेल्वेत दौंडचा संकेत ‘डीडी’ आहे. तो घातला तर दूरदर्शन आणि बँकेचे डिमांड ड्राफ्ट यांचीही भर पडेल. शिरूरचे तसेच. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, आणि २००९च्या निवडणुकीपासून शिरूर हे लोकसभा मतदारसंघाचेही नाव आहे, ज्यात जुन्नरपासून हडपसरपर्यंतची गावे येतात. घोडनदीकाठच्या आपल्या शिरूरला वेचून काढणारा नियम माणसाला एका वाक्यात सांगता येतो, यंत्राला सांगताना घाम फुटतो. परदेशातही हेच. १९९६ साली अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या चाळणीने इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या लोकांची नोंदणी नाकारली, कारण गावाच्या नावात एक असभ्य इंग्रजी शब्द दडलेला आहे. गावकऱ्यांचा दोष एवढाच की ते तिथे राहत होते.

यात गोल्डएडचा दोष किती? थोडाच. ती आज्ञावली अक्षरांचे क्रमांक जुळवते, अर्थ जुळवत नाही, आणि तसा दावाही करत नाही. पण अक्षरे जुळवण्याच्या कामातही त्या काळच्या टपालाच्या साच्यांनी चाळणीचे हात बांधून ठेवले होते, आणि हा भाग विज्ञानाच्या शिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे.

फिडोनेटच्या पत्रात विषयासाठी ७२ जागा राखलेल्या असत. पण स्वतःचा फलक न चालवणारा सामान्य वापरकर्ता पत्रांचा गठ्ठा उतरवून घेऊन फोन ठेवल्यावर वाचत असे. त्यासाठी १९८७ साली मार्क हेरिंग यांनी केलेला ‘क्यूडब्ल्यूके’ हा साचा फार लोकप्रिय होता. त्यात विषयाला जागा फक्त २५. आता ‘तालुका विज्ञान प्रदर्शन दौंड’ हा विषय नेहमीच्या रोमन स्पेलिंगने लिहून मोजा. तालुका ६, मोकळी जागा १, विज्ञान ७ (‘व्ही-आय-डी-एन-वाय-ए-एन’), मोकळी जागा १, प्रदर्शन १०. झाले २५! दौंड गाडीत चढलेच नाही. दौंड असो वा शिरूर, विषय एकसारखाच दिसणार आणि चाळणी कितीही चांगली असली तरी तिच्यापुढे गावाचे नाव येणारच नाही.

याहून मौजेची गोष्ट मराठीची आहे. क्यूडब्ल्यूके साच्यात ओळ संपल्याची खूण म्हणून २२७ हा क्रमांक वापरला होता. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना त्या क्रमांकाचे चिन्ह क्वचितच लागत असल्याने त्यांचे काही अडले नाही. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली भारतीय मानक आयएस १३१९४ ठरले, ते ‘इस्की’ नावाने ओळखले जाते. त्यात २२७ हा क्रमांक कोणाचा? ‘ॅ’ या अर्धचंद्राचा. म्हणजे इस्कीत लिहिलेले मराठी पत्र या गठ्ठ्यातून पाठवले, तर ‘गॅस’ हा शब्द ‘ग’वर तुटून ‘स’ खालच्या ओळीवर जाईल. बॅटरी, कॅमेरा, मॅडम, सगळ्यांची तीच गत. ‘गॅस’ शोधणारा नियम अशा पत्रात कधीच यशस्वी होणार नाही. हिंदी लिहिणाऱ्याला हे चिन्ह फारसे लागत नाही, त्यामुळे त्याच्या हे ध्यानातही येणार नाही. मराठीचे मात्र त्यावाचून पान हलत नाही.

रशियात फिडोनेटचा प्रसार मोठा होता आणि तिथे ही अडचण प्रत्यक्ष भोगली गेली. रशियन ‘न’ या मोठ्या अक्षराचा क्रमांक १४१. फिडोनेटमध्ये तोच क्रमांक ‘मऊ’ ओळफोडीसाठी होता आणि काही आज्ञावल्या तो गाळून टाकत. रशियन लोकांनी युक्ती काढली : त्या अक्षरासारखेच दिसणारे रोमन ‘एच’ त्याच्या जागी लिहायचे. डोळ्यांना फरक नाही, वाचणाऱ्याला अडचण नाही. चाळणीला मात्र ते दोन वेगळे शब्द. साचे ठरवणाऱ्यांच्या मनात दुसऱ्या भाषा नव्हत्या, एवढेच याचे कारण. दुष्टावा कोणाचा नव्हता. तरी भोगावे लागले ते दुसऱ्या भाषांनाच.

आता आमचा मुख्य आक्षेप. गोल्डएड पत्रे चाळते ती ती घरी येऊन पडल्यावर. तालुक्याच्या गावातील माणसाला याचा काय उपयोग, ते हिशेबाने पाहू. २४०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या मॉडेममधून एका अक्षरामागे १० बिट धरल्यास सेकंदाला २४० अक्षरे येतात. समजा १०० पत्रे आहेत आणि प्रत्येक २००० अक्षरांचे आहे. एकूण दोन लाख अक्षरे, म्हणजे सुमारे १४ मिनिटे. गठ्ठा दाबून निम्मा केला तर ७ मिनिटे. त्यांतली ३० पत्रे नको असतील आणि ती पलीकडच्या फलकावरच गाळली गेली, तर फोनची दोनेक मिनिटे वाचतील. घरी आल्यावर गाळली तर एक सेकंदही वाचणार नाही. शिरूरचा क्रमांक ०२१३८ने सुरू होतो, दौंडचा ०२११७ने. जिल्हा एकच असला तरी पुण्याला फोन म्हणजे त्या काळी एसटीडी. रात्री उशिरा पाव दर लागेपर्यंत बूथवर ताटकळत बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना दोन मिनिटांची किंमत सांगायला नको. पुण्यातल्या माणसाचे घरच्या चाळणीने डोळे वाचले असते. दौंडच्या माणसाचे डोळे वाचूनही पैसे गेले असते.

मग चाळणी फलकावरच बसवावी काय? काही साधनांत तशी सोय होती. ब्लू वेव्ह या पद्धतीत हवे ते शब्द आधी कळवून ठेवता येत. पण इथे प्रश्न पैशापुरता राहत नाही. चाळणी फलकावर गेली की ती फलक चालवणाऱ्याच्या हाती जाते. नियम माझा असला आणि मी तो केव्हाही वाचू व बदलू शकत असलो तर हरकत नाही. नियम त्याचा असेल तर मला काय कळावे हे दुसराच ठरवतो, आणि तेही मला न सांगता. खर्च तिकडे वाचतो आणि अधिकार इकडे राहतो, अशी ही ओढाताण आहे. गोल्डएडने अधिकाराची बाजू घेतली. ज्याच्या घरी फोन स्वस्त त्याला ते परवडले.

आणखी एक उणीव सांगायला हवी, ती तंत्राची कमी आणि माणसांची जास्त आहे. ही चाळणी माणसांच्या नावांवर चालते. जाहिराती गाळणे हा तिचा उद्देश नव्हता. ती बोलणाऱ्याला गप्प करण्यासाठी होती. फिडोनेटच्या नियमावलीत वर्तनाचे तत्त्व दुहेरी होते : दुसऱ्याला फार त्रास देऊ नये आणि स्वतःही चटकन त्रासून जाऊ नये. ट्विटची चाळणी दुसऱ्या निम्म्यासाठी उपयोगी वाटते खरी. पण फिडोनेटवर उत्तर देताना मूळ लेखकाची आद्याक्षरे घालून त्याच्या ओळी पुन्हा उद्धृत करण्याची रीत होती. त्यामुळे ज्याला तुम्ही वगळले त्याची वाक्ये दुसऱ्यांच्या पत्रांतून तुकड्यातुकड्यांनी येतच राहत, आणि तीही विरोधकाने वेचलेली. पूर्ण बोलणे ऐकू येत नाही, त्यावरचा राग तेवढा ऐकू येतो. अशा वेळी न चाळलेले बरे.

पुढे काय झाले ते थोडक्यात. २००२ साली पॉल ग्रॅहॅम यांच्या एका लेखाने संभाव्यतेवर चालणाऱ्या चाळण्यांना चालना दिली. कोणता शब्द नकोशा पत्रांत किती वेळा येतो ते यंत्रच मोजते आणि बेझच्या सूत्राने निर्णय करते. जाहिरातींचा पूर आवरायला हे हवेच होते, आणि अक्षरे जुळवणाऱ्या नियमांपेक्षा ते पुष्कळ बरे चालते. परंतु नियम आता ओळीत लिहिलेला नसतो, हजारो आकड्यांत विरघळलेला असतो. गोल्डएडची फाइल उघडून दौंडच्या मुलीला दाखवता येते की हे बघ, या ओळीमुळे हे पत्र गेले. आजच्या चाळणीबाबत ते तिच्या कर्त्यांनाही नेहमी सांगता येत नाही. जीमेलच्या स्पॅम पेटीत निदान साका ठेवलेला असतो, पण ३० दिवसांनी तो आपोआप पुसला जातो. शिष्यवृत्तीचे किंवा परीक्षेचे पत्र त्यात जाऊन पडले तर मुदतीआधी पेटी उघडणाऱ्यालाच ते मिळते. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा ती पेटी उघडावी आणि वरच्या वर्गातील मुलांनाही ती सवय लावावी.

वर्गात करण्यासारखा प्रयोग असा. वीस चिठ्ठ्यांवर वीस पत्रांचे प्रेषक आणि विषय लिहा. त्यांत शिरूर कासार असू द्या, धोंडो केशव असू द्या, जुनी स्पेलिंगे असू द्या. मुलांच्या दोन गटांनी एकमेकांना न दाखवता प्रत्येकी तीन नियम लिहावेत. तिसऱ्या गटाने अर्थाचा जराही विचार न करता, यंत्रासारखे, ते चिठ्ठ्यांवर चालवावेत. तिसऱ्या गटाचे काम सर्वांत अवघड जाते. मुलांना अर्थ बाजूला ठेवणे जमत नाही. शेवटी गाळलेल्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचाव्यात.

चिठ्ठ्या देवनागरीत लिहिल्या तरी चालेल, किंबहुना अधिक बरे. युनिकोड आल्यावर अर्धचंद्राची अडचण संपली, पण ‘शिरूर’ आणि ‘शिरुर’ हे यंत्राला आजही दोन शब्द आहेत आणि पाट्यांवर दोन्ही दिसतात. ‘दौंड’ आणि ‘दौण्ड’ हेही दोन. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली परिपत्रके तर शोधणाऱ्या यंत्राला रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार-परसवर्ण यांना एकच मानून शोधण्याचा पर्याय मराठी टपालाच्या चाळणीत असावा, आणि तो गोल्डएडच्या पाच पर्यायांसारखा वापरणाऱ्याला दिसेल व हवा तेव्हा बंद करता येईल असा असावा. गोल्डएड प्लसची संहिता खुली आहे. अभियांत्रिकीकडे गेलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर हे काम सुचवण्यासारखे आहे.